धागा (हॅम रेडिओ): १० मीटर उंच व्हर्टिकल (उभी अँटेना), ४० आणि ८० मीटर बँड, तळाशी मॅचिंग (अँटेनाचा इम्पीडन्स केबलच्या ५० ओहमशी जुळवणं) कसं करावं?

खांबतार

अँटेना: २५ मिमी व्यासाची ॲल्युमिनियमची नळी, उंची १० मीटर, तळाशी इन्सुलेटर. जमिनीवर अंथरलेले ८ रेडियल (तळापासून चौफेर पसरलेल्या तारा), प्रत्येकी १० मीटर. नॅनोव्हीएनए (इम्पीडन्स मोजणारा छोटा ॲनालायझर) थेट तळाशी लावला, कॅलिब्रेशनही तिथेच केलं. मापं अशी (पहिला आकडा रेझिस्टन्स, म्हणजे आर; ‘जे’चा आकडा रिॲक्टन्स, उणे म्हणजे कपॅसिटिव्ह):

७.१ मेगाहर्ट्झ: ४८ − जे१० ओहम
३.६ मेगाहर्ट्झ: १८ − जे४०० ओहम

४० मीटरवर एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे अचूक) १.२ येतो, तिथे काही करायची गरज दिसत नाही. ८० मीटरवर मात्र रिगमधला (रेडिओ संचातला) ट्यूनर हात टेकतो. कोॲक्स केबल आरजी-५८, २० मीटर. पॉवर १०० वॅट. ८० साठी तळाशी काय बसवावं? आणि ते बसवल्यावर ४० बिघडणार नाही ना?

---

एलसीजोडी

मापं नीट घेतली आहेत, त्यामुळे उत्तर आकड्यांतच देता येईल. पण आधी ४० मीटरकडे बघा, कारण खरी मेख तिथे आहे.

या उंचीच्या नळीचा रेडिएशन रेझिस्टन्स (यात गेलेली पॉवरच लहरी बनून बाहेर पडते) ७.१ ला ३५ ओहमच्या आसपास असतो. तुम्हाला ४८ दिसतायत. वरचे १३ ओहम जमिनीचे. म्हणजे पॉवरचा चौथा हिस्सा मातीत जिरतोय, आणि मीटर मात्र १.२ दाखवून शाबासकी देतोय. व्हर्टिकलवर काहीही न करता ५० ओहम सापडले तर खूश होऊ नका. जमिनीवरच्या पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलला ३६ ते ४० ओहम दिसायला हवेत.

८० वर हेच गणित जास्त बोचतं. १० मीटर म्हणजे ३.६ ला जेमतेम ४३ अंश (पूर्ण तरंगलांबी ३६० अंश धरून). रेडिएशन रेझिस्टन्स सुमारे ६ ओहम. तुमच्या १८ पैकी १२ जमीन खातेय. त्यात लोडिंग कॉइलचे (रिॲक्टन्स खोडायला तळाशी लागणाऱ्या कॉइलचे) २ ओहम धरा, एकूण २०. कार्यक्षमता ६ भागिले २०, म्हणजे ३० टक्के.

म्हणून क्रम असा: आधी रेडियल, मग मॅचिंग. उलट केलंत तर रेडियल वाढवल्यावर सगळं मॅचिंग पुन्हा करावं लागेल.

---

फेराइट

इतकं कशाला? तळाशी ४:१ चा अनअन (इम्पीडन्स ठरावीक गुणोत्तरात बदलणारा ट्रान्सफॉर्मर) बसवा, बाकीचं ट्यूनर बघून घेईल. पुष्कळ लोक असंच चालवतात.

---

एलसीजोडी

@फेराइट, चालवतात खरं, पण कुठे जातंय ते बघा. अनअन फक्त गुणोत्तर बदलतो, रिॲक्टन्स खोडत नाही. १८ − जे४०० ला आदर्श ४:१ लावला तर कोॲक्सला ४.५ − जे१०० दिसेल. एसडब्ल्यूआर १८० चा ५५ होतो. सुधारणा आहे, पण ५५ हा काही आकडा झाला का?

२० मीटर आरजी-५८ चा ३.६ ला मॅच असतानाचा लॉस अर्धा डीबी. तीच केबल १८० च्या एसडब्ल्यूआरवर १० डीबीहून जास्त खाते. १०० वॅट सोडले तर तळाशी पोचतात दहाच्या आत. अनअन लावून हा लॉस ६ डीबीच्या थोडा वर येतो, आणि त्यात फेराइटचं स्वतःचं तापणं धरलेलं नाही. रिगजवळच्या ट्यूनरने रिग खूश होते, केबलमधला लॉस तिथल्या तिथेच राहतो. रिॲक्टन्स अँटेनाच्या पायथ्याशीच मारला पाहिजे.

---

फेराइट

मान्य. अनअनची जागा जिथे रिॲक्टन्स थोडा असतो तिथे. मग तळाशी ऑटोट्यूनर?

---

मातीखालचा

तळाशी ऑटोट्यूनर ही पळवाट नाही, रीतसर उपाय आहे. फक्त त्याच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त इंडक्टन्स किती ते वाचा. इथे १७ मायक्रोहेन्रीच्या आसपास लागतात, आणि आतल्या छोट्या टोरॉइडवर एवढे वेढे घातले की क्यू (जास्त तेवढा कॉइलमधला लॉस कमी) पडतो. बाहेर हवेतली मोठी कॉइल सिरीजमध्ये घालून जे४०० मधले बरेचसे तिथेच संपवायचे आणि उरलेलं बारीक काम ट्यूनरला द्यायचं, हे जोडगणित उत्तम चालतं.

आता रेडियलबद्दल, कारण तेच जास्त महत्त्वाचं.

जमिनीवर टाकलेल्या रेडियलची लांबी अचूक मापायची गरज नाही. जमीन त्यांना तसंही डीट्यून करते. तार मोजकीच असेल तर थोडे लांब टाकण्यापेक्षा जास्त आखूड टाका. ८ चे ३२ करा, १० मीटरचेच चालतील. व्हर्टिकलजवळ जमिनीतला प्रवाह सगळ्यात दाट असतो, तिथेच तारांचं जाळं घट्ट हवं. ब्राउन, लुईस आणि एपस्टाईन या अभियंत्यांनी १९३७ मध्ये मोजमापं करून हे दाखवलं तेव्हापासून प्रसारण केंद्रं १२० रेडियल वापरत आली. आपल्याला तेवढे नकोत. ३२ च्या पुढे प्रत्येक नव्या तारेमागे मिळणारा फायदा झपाट्याने आटतो.

कधी थांबायचं ते अँटेनाच सांगते. चार-चार रेडियल वाढवा आणि दर वेळी ७.१ ला आर वाचा. ४८ चे ४४, ४१ असं उतरत जाईल. चार वाढवूनही एक ओहमसुद्धा उतरला नाही की पुरे.

जोड: तळाशी तांब्याची पट्टी किंवा स्टेनलेसची चकती, प्रत्येक रेडियलला स्वतंत्र लग. तांब्याची तार सरळ ॲल्युमिनियमला कसू नका, मधे स्टेनलेसचा वॉशर घाला. नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथे पांढरी भुकटी जमते आणि आर मनाला येईल तसा हलतो. तार जमिनीला वाकवलेल्या खिळ्यांनी दाबली की गवत तिला आपोआप झाकतं. पुरली तर दोन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका.

जमिनीत ठोकलेली अर्थिंगची सळई रेडियलचं काम करत नाही. ती आकाशातली वीज आणि स्टॅटिकसाठी असते.

---

नवशिका७

रेडियल जमिनीपासून उचलले तर? मग चारच पुरतात असं वाचलंय.

---

मातीखालचा

पुरतात, पण नियम बदलतात. उचललेले रेडियल पाव तरंगलांबीचे, मापून ट्यून केलेले आणि एकमेकांशी समतोल असावे लागतात. ४० मीटरसाठी निदान अडीच-तीन मीटर उंच. आडवे ठेवले तर फीडपॉइंटला (जिथे केबल जोडतात तिथे) ३६ ओहमच्या जवळ, ४५ अंश खाली झुकवले तर ५० च्या जवळ. ८० साठी वेगळे चार, प्रत्येकी २० मीटर. आणि कोॲक्सवर चोक (कवचावरचा आरएफ प्रवाह अडवणारी कॉइल) नसेल तर केबलचं कवच हाच पाचवा रेडियल होतो. इथे जमिनीवरचेच वाढवणं सोपं.

---

खांबतार

रेडियल ३२ केले. ७.१ ला आता ३९ − जे१२, ३.६ ला १० − जे४००. ४० चा एसडब्ल्यूआर १.२ वरून १.४ च्या वर गेला!

---

एलसीजोडी

आणि अँटेना सुधारली. ४० वर ७३ टक्क्यांवरून ९० वर. ८० वर कॉइलचे २ ओहम धरून आर १२, कार्यक्षमता ५० टक्के. पूर्वीच्या ३० वर हा २.२ डीबीचा फायदा. एस मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या) तो अर्धा एसही दिसणार नाही, पण नॉइजमधून वर येऊ पाहणाऱ्या सिग्नलला तेवढाच हवा असतो.

आता मॅचिंग. आर ५० च्या खाली असेल तर सगळ्यात सोपं जाळं म्हणजे अँटेना थोडी कपॅसिटिव्ह ठेवून फीडपॉइंटवर, म्हणजे कोॲक्सचा मधला तंतू आणि रेडियल यांच्यामध्ये, एक कॉइल शंट (समांतर) करायची. यालाच हेअरपिन म्हणतात. सूत्रं दोनच:

अँटेनाचा उरवायचा रिॲक्टन्स = −√(आर × (५० − आर))
शंट कॉइलचा रिॲक्टन्स = ५० × √(आर ÷ (५० − आर))

८० मीटर, आर १२: उरवायचे −२१.४ ओहम, शंट २८.१ ओहम, म्हणजे ३.६ ला १.२४ मायक्रोहेन्री. सिरीज कॉइलने ४०० पैकी ३७८.६ ओहम खोडायचे, म्हणजे १६.७ मायक्रोहेन्री.

रेडियल वाढवण्याआधी आर २० होता, तेव्हा हेच आकडे शंट १.८ आणि सिरीज १६.६ असे आले असते. सिरीज कॉइल जवळपास तीच, शंट मात्र खूप बदलली. हे ध्यानात ठेवलं की ट्यूनिंग करताना गोंधळ उडत नाही: एसडब्ल्यूआरचा खड्डा कुठल्या फ्रिक्वेन्सीला पडतो ते सिरीज कॉइल ठरवते, तो किती खोल जातो ते शंट कॉइल.

४० मीटर, आर ३९: उरवायचे −२०.७, शंट ९४ ओहम, म्हणजे ७.१ ला २.१ मायक्रोहेन्री. तुमच्याकडे −१२ आहेत, नळी १५ सेंमी आखूड केली तर बरोबर बसेल. नाही केली तरी २.१ मायक्रोहेन्री शंट लावून १.२५ मिळतो. मी असतो तर करवत काढली नसती.

---

नवशिका७

शंटला कॉइलऐवजी कपॅसिटर नाही चालणार? कॉइल गुंडाळण्यापेक्षा सोपं वाटतं.

---

एलसीजोडी

चालतो. मग सिरीज कॉइल जरा मोठी करून अँटेनाला +२१.४ वर न्यायचं (एकूण ४२१ ओहम, १८.६ मायक्रोहेन्री) आणि शंटला २८.१ ओहमचा कपॅसिटर, सुमारे १५७० पीएफ. हे लो-पास जाळं, हार्मोनिक थोडे दाबतं.

तरी मी कॉइलच घेईन. कॉइलमुळे अँटेना डीसीला जमिनीशी जोडली जाते, त्यामुळे कोरड्या वाऱ्यात किंवा ढग आले की साठणारा स्टॅटिक तिथूनच वाहून जातो. कपॅसिटर घेतलात तर ही वाट वेगळी करून द्यावी लागते.

कपॅसिटरच लावायचा असेल तर व्होल्टेजपेक्षा करंट बघा. ५० ओहमच्या बाजूला १०० वॅटला फक्त ७१ व्होल्ट असतात, पण या कपॅसिटरमधून अडीच अँपिअर जातात. एकच मोठा न घेता २२० पीएफचे सात सिल्व्हर मायका किंवा सीओजी प्रकारचे समांतर जोडा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ०.३६ अँपिअर येईल. साध्या सिरॅमिक चकत्या घातल्या तर कॅरिअर सोडल्यावर अर्ध्या मिनिटात एसडब्ल्यूआर सरकू लागतो. कपॅसिटर तापून किंमत बदलतोय याची ती खूण.

---

फेराइट

कॉइल कशा बनवायच्या ते मी सांगतो.

सिरीज कॉइल: वेढ्याचा मध्य ते मध्य व्यास ८ सेंमी, २ मिमी एनॅमल तार, दोन वेढ्यांमध्ये २ मिमी मोकळी जागा. १६ वेढ्यांना १६.१, १७ ला १७.५, १८ ला १८.९ मायक्रोहेन्री. १८ गुंडाळा आणि साडेसोळाच्या आसपास टॅप (मधल्या वेढ्यावरची जोडणी) घ्या. साच्यासाठी अख्ख्या पाइपऐवजी ॲक्रिलिक किंवा फायबरच्या चार पट्ट्या, कडेला ४ मिमी अंतरावर खाचा. वेढे खाचांत बसले की अंतर सारखं राहतं आणि हवाही खेळते.

शंट कॉइल: मध्य ते मध्य व्यास ५ सेंमी, ८ वेढे. ७ वेढे ४.४ सेंमी लांबीत बसवले तर १.८ मायक्रोहेन्री मिळतात. त्याच अंतराने आठवा घातला की २.१ च्या आसपास जातं. वेढे दाबून किंवा ताणून दहा टक्के इकडेतिकडे करता येतं. डबा लहान असेल तर टी२००-२ या लाल आयर्न पावडर कड्यावर १२ वेढे, १.७३ मायक्रोहेन्री. १३ वेढ्यांना २ च्या जरा वर.

४३ नंबरच्या फेराइटवर ही कॉइल गुंडाळू नका. ते चोकसाठी चांगलं, रेझोनंट कामात भाजतं.

दोन्ही कॉइल एकमेकींना काटकोनात, आणि डब्याच्या धातूच्या भिंतीपासून निदान एका व्यासाएवढ्या लांब. डबा प्लॅस्टिकचाच बरा.

तार जाड का? रेडियल सुधारल्यावर कॉइलवरचा भार वाढतो. एकूण १२ ओहममधले २ कॉइलचे, म्हणजे १०० वॅटमधले १७ कॉइलमध्येच. बारीक तार दाट गुंडाळून क्यू ७५ वर आला तर कॉइलचे ५ ओहम होतात आणि तिथे ३३ वॅट जळतात. पीव्हीसी मऊ पडतं, वेढे सरकतात, खड्डा बँडबाहेर जातो. मग माणूस रेडियल तपासत बसतो.

---

एलसीजोडी

व्होल्टेजचं सांगायचं राहिलं. १२ ओहममध्ये १०० वॅट म्हणजे २.९ अँपिअर. ते ४०० ओहमवर ११५० व्होल्ट होतात, शिखर १६०० च्या वर. तळाच्या इन्सुलेटरवर ओला कोळसट थर असेल तर तिथे ठिणगी पडणार. लाकडाचा ठोकळा इन्सुलेटर म्हणून वापरू नका. कुंपण घाला. ट्रान्समिट चालू असताना त्या नळीला हात लागला तर आरएफने भाजतं, आणि जखम वरून दिसते त्याहून आत जास्त असते. टॅप बदलताना रिगची पॉवर बंदच हवी; मोजमाप ॲनालायझरने, रिगने नाही.

---

खांबतार

दोन्ही बँड एकाच डब्यातून हवेत. रिले कसा जोडू?

---

एलसीजोडी

दोन पोलचा (दोन स्वतंत्र संपर्कांचा) एक रिले.

पहिला पोल सिरीज कॉइलच्या दोन टोकांमध्ये: ४० ला मिटलेला (कॉइल शॉर्ट), ८० ला उघडा.
दुसरा पोल शंट कॉइलवर: कॉइलचं एक टोक रेडियलला कायम. ४० ला फीडपॉइंट वरच्या टोकाला (२.१), ८० ला मधल्या टॅपला (१.२४).

रिलेला वीज न देता ४० राहील अशी जोडणी करा. जास्त वापराचा बँड विजेविना चालावा.

कच खाऊ शकतो तो पहिला पोल. ८० वर उघड्या संपर्कांमध्ये कॉइलचं पूर्ण व्होल्टेज येतं: २.९ गुणिले ३७८, सुमारे ११०० व्होल्ट, शिखर १५०० च्या वर. बाजारातल्या छोट्या पॉवर रिलेच्या उघड्या संपर्कांची सहनशक्ती बहुतेक वेळा १००० व्होल्टच असते. म्हणून त्या जागी रुंद अंतराचा रिले घ्या, किंवा दोन पोल सिरीजमध्ये जोडा आणि शंटसाठी दुसरा रिले ठेवा. रिलेच्या डीसी तारांवर डब्याच्या आतच दोन्ही बाजूंना १० नॅनोफॅरॅड रेडियलच्या पट्टीला, आणि त्याच तारांचे फेराइटमधून काही फेरे. नाहीतर आरएफ त्या तारांवरून घरात येतो आणि बोलताना रिले थरथरतो.

---

मातीखालचा

ट्यूनिंगचा क्रम, या जोडणीसाठी:

१. ४० वर ठेवा. शंट कॉइल पूर्ण, वेढे ताणून-दाबून ७.१ ला सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर.
२. ८० वर या. शंट टॅप अंदाजाने खालून पाचव्या वेढ्यावर. सिरीज कॉइलचा टॅप क्रोकोडाइल क्लिपने हलवून खड्डा ३.६ वर आणा. एक वेढा म्हणजे जवळपास १०० किलोहर्ट्झ, म्हणून पाव-पाव वेढ्याने सरका.
३. खड्डा जागेवर आला पण १.५ च्या खाली जात नाही? शंट टॅप अर्धा वेढा हलवा. खड्डा किंचित सरकेल, सिरीजने परत आणा. दोन-तीन फेऱ्यांत बसतं.
४. बसलं की क्लिप काढून टॅप सोल्डर करा. क्लिपचा स्पर्श आज ठीक, महिन्याने नाही.
५. डब्याचं झाकण लावून पुन्हा मोजा. झाकणाने दहा-वीस किलोहर्ट्झचा फरक पडला तर तो धरून टॅप घ्या.

८० वर २:१ ची बँडविड्थ (एसडब्ल्यूआर २ च्या आत राहतो तेवढा पट्टा) अंदाजे ६० किलोहर्ट्झ मिळेल. रेडियल कमी असताना ती १०० च्या आसपास असती. रुंद बँडविड्थ हे छोट्या अँटेनावर कौतुकाचं लक्षण नव्हे. बँडच्या दोन्ही टोकांना जायचं असेल तर सिरीज कॉइलवर दुसरा टॅप आणि आणखी एक रिले.

ॲनालायझर जुना असेल आणि रिॲक्टन्सचं चिन्ह दाखवत नसेल तर फ्रिक्वेन्सी थोडी वाढवा: आकडा कमी झाला तर कपॅसिटिव्ह, वाढला तर इंडक्टिव्ह. जवळपास मध्यमलहरींचं प्रसारण केंद्र असेल तर ८० वर काही ॲनालायझर भलतेच आकडे देतात. तिथे हाय-पास फिल्टर लावून, फिल्टरसकट कॅलिब्रेट करा.

---

नवशिका७

चोक कुठे? डब्यात की बाहेर?

---

फेराइट

डब्याच्या कोॲक्स सॉकेटला लागून, शक्यतो आत. एफटी२४०-३१ कड्यावर आरजी-५८ चे १२ वेढे, ८० आणि ४० दोन्हीला पुरतात. बसवण्याआधी आणि नंतर एकदा मोजा. चोक लावल्यावर आर बदलला तर केबलचं कवच आतापर्यंत रेडियलचं काम करत होतं.

डब्याच्या तळाला ५ मिमीचं भोक पाडा आणि त्याला बारीक जाळी लावा. पूर्ण बंद डब्यात रात्री दव आत धरतं आणि सकाळी कॉइलवर थेंब दिसतात. जाळी मुंग्यांसाठी, त्यांना रिलेचे संपर्क फार आवडतात.

---

खांबतार

बसवलं. ७.१ ला १.२, ३.६ ला १.१, २:१ च्या मर्यादा ३.५७ ते ३.६३. शंट टॅप पाचव्याऐवजी साडेपाचव्या वेढ्यावर आला. पाऊस पडला की ८० चा खड्डा १५ किलोहर्ट्झ खाली जातो, वाळलं की परत येतो. ४० वर काही फरक नाही. हे ठीक आहे का?

---

एलसीजोडी

ठीक आहे. तळाशी ४०० ओहम रिॲक्टन्स असताना ओल्या इन्सुलेटरची एखाद-दुसरी पीएफ कपॅसिटीही लगेच जाणवते. ४० वर तिथे इम्पीडन्स कमी, म्हणून तिला पत्ता लागत नाही. खड्डा खाली सरकतो पण खोली तीच राहते, तोवर चिंता नाही. पावसात एसडब्ल्यूआर उथळ झाला, म्हणजे आर वाढला, तर इन्सुलेटरवरून गळती होतेय. तो पुसून, त्याच्यावर उलट्या वाटीसारखी प्लॅस्टिकची झडप बसवा.